बालवीर आणि वीरबाला

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात इंदरगंज ही एक गजबजलेली जुनी वस्ती आहे. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी आपली छावणी कायम केली आणि त्या छावणीचेच पुढे लष्कर नावाचे शहर झाले. त्या शहराबरोबर आलेली मराठी कुटुंबे अनेक पिढ्या येथे नांदत आली आहेत. घरात मराठी आणि रस्त्यावर हिंदी असा दुहेरी व्यवहार त्यांच्या अंगवळणी पडलेला आहे. इंदरगंजच्या चौकातून फूलबागेकडे निघालेला मनुष्य थोड्याच वेळात राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीपाशी पोहोचतो. जून १८५८ मध्ये ह्याच ग्वाल्हेरीत राणीने लढता लढता देह ठेवला. समाधीजवळचा राणीचा अश्वारूढ पुतळा येथील प्रत्येक मुलीने लहानपणापासून पाहिलेला असतो. बिठूरला लहानगी मनू मुलांच्या बरोबरीने घोड्यावर बसावयास आणि तलवार चालवावयास शिकली, ही कथाही तिने आजीच्या तोंडून अनेकदा ऐकलेली असते.

परंतु ह्याच घरांपैकी एखाद्या घरातील अकरा-बारा वर्षांची मुलगी संध्याकाळी शाळेतून येते आणि म्हणते, "आई, आमच्या शाळेतली स्काउटची मुले शिबिराला चालली आहेत. आम्हां मुलींना का नाही?" अशा वेळी त्या घरात क्षणभर शांतता पसरते. आजी विचारते, रात्री तंबूत निजावयाचे काय? बाबा विचारतात, बरोबर कोण असणार? आई काही विचारीत नाही, पण दोघांच्याही प्रश्नांचे उत्तर आपल्यालाच द्यावे लागणार हे तिला ठाऊक असते. मुलगी मात्र एकच प्रश्न धरून बसलेली असते: दादा जातो, मग मी का नको?

हा प्रश्न एका घरातला नाही आणि आजचाही नाही. बालवीर चळवळीच्या जन्माबरोबरच तो जन्मला. त्याचे उत्तर निरनिराळ्या देशांनी निरनिराळ्या तऱ्हांनी दिले, आणि भारताने दिलेले उत्तर तर अनेक पुढारलेल्या देशांच्या आधीचे आहे. ते उत्तर कोणते आणि ते कोठे अपुरे पडते, हे नीट समजून घेतले तर इंदरगंजातील त्या घरालाही आपला निर्णय करणे सोपे जाईल.

बालवीर चळवळीचे जनक रॉबर्ट बेडन-पॉवेल हे ब्रिटिश सैन्यातील अधिकारी. दक्षिण आफ्रिकेतील मॅफेकिंगच्या वेढ्यात त्यांनी पोरसवदा मुलांकडून निरोप पोहोचविण्याची आणि टेहळणीची कामे करून घेतलेली पाहिली होती. मुलांवर विश्वास टाकला तर ती जबाबदारीने वागतात, हा धडा त्यांनी तेथे घेतला. ऑगस्ट १९०७ मध्ये ब्राउनसी नावाच्या लहानशा बेटावर त्यांनी वीसएक मुलांचे पहिले शिबिर भरविले. त्या मुलांत श्रीमंत घरची होती, तशीच कामकऱ्यांचीही होती. पुढच्या वर्षी, १९०८ मध्ये, मुलांसाठी लिहिलेले त्यांचे पुस्तक पाक्षिक भागांनी प्रसिद्ध होऊ लागले आणि गावोगावी मुले आपापली पथके काढू लागली. पुस्तकाच्या नावात 'मुलांसाठी' असे स्पष्ट म्हटले होते. पण पुस्तक वाचणाऱ्यांत मुलींचीही संख्या लहान नव्हती. भावाने आणलेले पुस्तक बहीणही वाचते, हे लेखकाच्या ध्यानात आले नसावे.

४ सप्टेंबर १९०९ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात बालवीरांचा मोठा मेळावा भरला. हजारो मुलांच्या रांगांत काही मुलीही हातात काठ्या घेऊन आणि बालवीरांसारख्या टोप्या घालून उभ्या होत्या. त्यांना कोणी बोलावले नव्हते. तुम्ही कोण, असे विचारताच आपण बालवीर मुली आहोत, असे त्यांनी सांगितले. त्या दिवशी त्या मुलींनी मुलांच्या सहवासाचा हट्ट धरला नव्हता. रानात वाट शोधणे, तंबू उभारणे, जखम बांधणे, गाठ मारणे ही कामे त्यांना करावयाची होती, आणि ती कामे आपल्यालाही येतात एवढेच त्यांचे म्हणणे होते. पुढील शंभर वर्षांच्या वादात हा भेद अनेकदा विसरला गेला आहे.

बेडन-पॉवेल ह्यांनी मध्यम मार्ग काढला. १९१० मध्ये मुलींची स्वतंत्र संघटना निघाली आणि तिची सूत्रे त्यांनी आपली बहीण ॲग्नेस ह्यांच्याकडे सोपविली. मुलींना स्काउट न म्हणता गाईड म्हणावे असे ठरले. ह्या नावामागे हिंदुस्थानचा संबंध आहे. वायव्य सरहद्दीवर १८४६ साली उभारलेली 'गाइड्स' नावाची एक नावाजलेली पलटण होती. अवघड मुलुखात वाट काढणे आणि अडचणीत डगमगून न जाणे ह्यासाठी तिची ख्याती होती. हिंदुस्थानात नोकरी केलेल्या बेडन-पॉवेल ह्यांना ते नाव मुलींसाठी योग्य वाटले. मराठीत मुलांना बालवीर आणि मुलींना वीरबाला म्हणण्याचा प्रघात पडला तो ह्याच दोन नावांवरून.

नाव धाडसी मिळाले, परंतु कामाच्या वाटणीत फरक पडला. १९१२ मध्ये गाईड मुलींसाठी जे पुस्तक निघाले त्यात रानातल्या विद्येबरोबरच शुश्रूषा, बालसंगोपन आणि घरकाम ह्यांना मोठी जागा देण्यात आली. मुलगी फार पुरुषी होऊ नये, ही त्या काळच्या आईबापांची धास्ती दूर करणे हा त्यामागचा हेतू होता. ती धास्ती इंग्लंडातली होती आणि इंदरगंजातलीही तीच आहे. तिला भूगोलाची सीमा नाही.

हिंदुस्थानातील वीरबालांचे पहिले पथक १९११ मध्ये जबलपूरला निघाले. जबलपूर त्या वेळी मध्यप्रांतात होते. मराठी आणि हिंदी भाषा ज्या प्रांतात शेजारी शेजारी नांदल्या तो हाच प्रांत. मात्र त्या पथकात देशी मुलींना जागा नव्हती; ते युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलींसाठी होते. मुलांच्या पथकांचीही तीच स्थिती होती. १९०९ मध्ये बंगळूरला बालवीरांचे पथक सुरू झाले, पण हिंदी मुलांच्या हाती ही विद्या देण्यास सरकार राजी नव्हते.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. जे मुलींच्या वाट्याला इंग्लंडात आले, तेच हिंदी मुलांच्या वाट्याला त्यांच्याच देशात आले. 'ही विद्या तुमच्यासाठी नाही,' असे दोघांनाही सांगण्यात आले, आणि दोघांनीही परवानगीची वाट न पाहता स्वतःची पथके काढली. श्रीराम वाजपेयी ह्यांनी १९१३ मध्ये शहाजहानपूरला देशी मुलांचे पथक सुरू केले. ॲनी बेझंट आणि अरुंडेल ह्यांनी १९१६-१७ च्या सुमारास मद्रासेकडे हिंदी बालवीरांची संस्था उभारली. तिच्यातील मुले साहेबी टोपीऐवजी फेटे बांधीत. अलाहाबादेस पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि वाजपेयी ह्यांनी सेवा समितीच्या बालवीरांची संघटना बांधली. कुंझरू हे नामदार गोखल्यांनी पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे सदस्य. म्हणजे ह्या राष्ट्रीय बालवीर चळवळीच्या मुळाशी महाराष्ट्राच्या सेवाधर्माचाही एक धागा आहे.

१९२१ मध्ये बेडन-पॉवेल हिंदुस्थानात आले तेव्हा बऱ्याच संस्था एकत्र झाल्या, पण सेवा समितीने आपले वेगळेपण राखले. १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काउट संघटना उभी राहिली. वीरबालांची संघटना स्वतंत्रपणे वाढत होती. १९२८ मध्ये मुलींच्या पथकांची जागतिक संघटना स्थापन झाली तेव्हा तिच्या संस्थापक सदस्यांत भारत होता. स्वातंत्र्य मिळाले त्या वेळी देशात अशी स्थिती होती की मुलांची विद्या एकच, पण छत्रे अनेक. आणि मुलींचे छत्र त्याहून निराळे.

स्वतंत्र भारताने हा गुंता सोडविला. ७ नोव्हेंबर १९५० रोजी मुलांच्या संघटना एकत्र येऊन 'भारत स्काउट्स आणि गाइड्स' ही संस्था जन्मास आली आणि १५ ऑगस्ट १९५१ रोजी वीरबालांची संघटनाही तिच्यात विलीन झाली. संस्थेच्या नावातच स्काउट आणि गाईड हे दोन्ही शब्द बरोबरीने आले. मुलगे आणि मुली ह्यांच्या दोन्ही जागतिक संघटनांचे सदस्यत्व ही एकच राष्ट्रीय संस्था धारण करते.

ह्या व्यवस्थेचे स्वरूप असे आहे. छत्र एक, प्रतिज्ञा आणि नियम समान, कार्यालय एक. परंतु पथके निराळी. लहान मुलांसाठी कब आणि लहान मुलींसाठी बुलबुल. त्यापुढील वयाला मुलांसाठी स्काउट आणि मुलींसाठी गाईड. आणि तरुण वयात रोव्हर आणि रेंजर, अशा जोड्या लावलेल्या आहेत. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार ह्या पायऱ्या दोघांनाही चढावयाच्या असतात. उजव्या हाताच्या तीन बोटांनी करावयाचा प्रणाम आणि डाव्या हाताने करावयाचे हस्तांदोलन दोघांचेही एकच. गाईडच्या पथकाचे नेतृत्व मात्र स्त्रीकडेच असावे लागते. तिला कॅप्टन म्हणतात. स्वातंत्र्याच्या त्या काळात देशाने अन्यत्रही असाच मार्ग धरला होता. राष्ट्रीय छात्रसेनेत मुलींचा विभाग निघाला तो १९४९ मध्ये, आणि तोही स्वतंत्र विभाग म्हणूनच.

एका छत्राखाली आल्यामुळे काय साधले, ह्याचे एक उदाहरण पुरेसे आहे. श्रीमती लक्ष्मी मजुमदार ह्या १९६४ पासून १९८३ पर्यंत ह्या संपूर्ण संस्थेच्या राष्ट्रीय आयुक्त होत्या. त्या केवळ वीरबालांच्या प्रमुख नव्हत्या. बालवीरांचे कामही त्यांच्याच हाताखाली चालत असे. १९६९ मध्ये मुलांच्या जागतिक संघटनेने आपला सर्वोच्च सन्मान, 'ब्राँझ वुल्फ', त्यांना दिला. ज्या चळवळीच्या मेळाव्यात १९०९ मध्ये मुली न बोलावता उभ्या राहिल्या होत्या, त्या चळवळीची सूत्रे एका विशाल देशात साठ वर्षांच्या आत एका स्त्रीच्या हाती आली. महाराष्ट्राच्याही वाट्याला ह्या इतिहासातील एक मानाचे पान आले आहे. वीरबालांच्या जागतिक केंद्रांपैकी 'संगम' हे केंद्र पुण्यात आहे. १६ ऑक्टोबर १९६६ रोजी बेडन-पॉवेल ह्यांच्या पत्नी ओलेव्ह ह्यांनी त्याचे उद्घाटन केले. देशोदेशींच्या मुली तेथे येतात, एकत्र राहतात आणि सेवेची कामे करतात.

इतर देशांनी हा प्रश्न कसा सोडविला? स्वीडनने १९६० मध्येच मुलामुलींच्या संघटना एक केल्या. इंग्लंडात बालवीरांच्या संघटनेने १९७६ मध्ये मोठ्या वयाच्या गटात मुलींना घेतले, १९९१ मध्ये सर्व गटांची दारे ऐच्छिकपणे उघडली आणि २००७ पासून प्रत्येक पथकाने मुलींना घेतलेच पाहिजे असा नियम केला. तेथील गाईड संघटना मात्र आजही केवळ मुलींसाठीच आहे. म्हणजे तेथील मुलीला दोन्ही वाटा मोकळ्या आहेत.

अमेरिकेची कथा अधिक उद्बोधक आहे. तेथे बालवीरांची संघटना १९१० ची आणि मुलींची १९१२ ची. शंभर वर्षांहून अधिक काळ दोन्ही संघटना शेजारी शेजारी वाढल्या. २०१८ मध्ये बालवीर संघटनेने लहान वयाच्या गटात मुलींना प्रवेश दिला आणि फेब्रुवारी २०१९ पासून मोठ्या गटातही दिला. परंतु तेथेही सुरुवातीला मुलींची पथके मुलांच्या पथकांहून निराळीच ठेवली. शिक्षण मात्र एकच आणि पायऱ्याही त्याच. भारताने १९५१ मध्ये जी रचना स्वीकारली तिच्या जवळपास येण्यास अमेरिकेला आणखी अडुसष्ट वर्षे लागली, असे म्हणावयास हरकत नाही. २०२१ मध्ये त्या संघटनेचा सर्वोच्च 'ईगल' दर्जा मिळविणाऱ्या मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. तिच्यात हजाराच्या जवळपास मुली होत्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये संघटनेने आपल्या नावातील 'बॉय' हा शब्दही गाळला.

ह्या बदलाला विरोध झाला आणि तो केवळ जुन्या वळणाच्या पुरुषांकडून झाला असे नाही. मुलींच्या संघटनेने नाव आणि प्रचार ह्यांवरून न्यायालयात दावा लावला. २०२२ मध्ये तो फेटाळला गेला. कायद्याचा भाग सोडला तरी तिच्या पक्षात एक विचार होता. मुलींचे स्वतःचे असे जे स्थान असते तेथे नेतृत्व आपोआप मुलीकडेच येते. मिश्र गटात मात्र मोठ्या आवाजाचा मुलगा पुढे होतो आणि मुलगी पुन्हा मागच्या रांगेत जाते. ह्या म्हणण्यात तथ्य नाही असे कोणताही अनुभवी शिक्षक म्हणणार नाही. उलट बाजूचे म्हणणेही तितकेच खरे आहे. वेगळे ठेवले की हळूहळू वाटा उणा होतो. मुलांना डोंगर आणि मुलींना शाळेचे पटांगण, अशी विभागणी केव्हा झाली हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

तेव्हा एकत्र की वेगळे, हा प्रश्न वाटतो तितका मोलाचा नाही. खरा प्रश्न हा की मुलीला तेच काम आणि तीच जबाबदारी मिळते की नाही. हे नीट समजण्यासाठी ह्या शिक्षणाचा गाभा पाहिला पाहिजे. तंबू, गाठी आणि शेकोटी ही त्याची बाह्य साधने होत. गाभा आहे तो लहान तुकडीचा. सहा ते आठ मुलींची एक तुकडी असते आणि तिची प्रमुख त्यांच्यापैकीच एक असते. अशा तुकड्या मिळून पथक होते. शिबिरात तंबूसाठी जागा कोणती निवडावयाची, पाऊस आला तर चर कोणत्या बाजूने खणावयाचा, लाकडे ओली निघाली तर चूल कशी पेटवावयाची, एखादीचा पाय मुरगळला तर कोणी थांबावयाचे आणि मदतीला कोणी जावयाचे, हे त्या तुकडीला आपसांत ठरवावे लागते. कॅप्टन जवळ असते, पण ती ताबडतोब उत्तर सांगत नाही. निर्णय चुकला तर रात्री अंथरूण भिजते. आणि दुसऱ्या दिवशी तंबू उंचवट्यावर लागतो.

आपल्या घरांतून वाढणाऱ्या मुलीला कामाची सवय लागत नाही असे कोणी म्हणणार नाही. बारा वर्षांची मुलगी भाजी चिरते, धाकट्या भावाला शाळेत सोडते, आजीला औषध देते. तिला सवय लागत नाही ती निर्णयाची. काय शिजवावयाचे ते आई सांगते, कोठे जावयाचे ते बाबा ठरवितात आणि किती वाजता परतावयाचे ते सगळेच सांगतात. मुलाचे नेमके उलटे होते. त्याला बाहेरचे निर्णय लवकर घ्यावे लागतात, पण शर्टाचे बटण तुटले तर तो आईला हाक मारतो. बालवीर आणि वीरबाला ह्यांच्या शिबिरात दोघांचीही ही उणीव भरून निघते. मुलगा कणीक मळावयास आणि आपली भांडी घासावयास शिकतो. मुलगी नकाशा हाती घेऊन तुकडीच्या पुढे चालावयास शिकते. एकाच प्रतिज्ञेचा हा खरा अर्थ आहे. म्हणूनच जेथे दोन्ही पथकांचे संयुक्त शिबिर भरते तेथे एका गोष्टीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे लागते. मुलांनी तंबू ठोकावयाचे आणि मुलींनी सर्वांचा स्वयंपाक करावयाचा, अशी वाटणी झाली तर शिबिर झाले खरे, पण शिक्षण झाले नाही.

आता इंदरगंजातील त्या घराकडे पुन्हा वळावयास हवे. मुलीच्या वाटेत नियमाची अडचण नाही. १९५१ पासून नाही. तिच्या प्रवेशासाठी न्यायालयात जावयाचे नाही की कोणाच्या नावातील शब्द बदलावयाचा नाही. मग एखाद्या शाळेत मुलांचे पथक असते आणि मुलींचे नसते, असे का घडते? ह्याचे कारण व्यवस्थेतच आहे. गाईडच्या पथकाला स्त्री कॅप्टन हवी. कॅप्टन नाही तर पथक नाही. मुलींच्या रक्षणासाठी आणि त्यांना आपल्यासारख्याच एका प्रौढ स्त्रीचा आदर्श मिळावा म्हणून केलेला हा नियम योग्यच आहे. पण कॅप्टन होण्यास कोणी पुढे आली नाही तर तोच नियम बंद दारासारखा होतो. दार कोणी लावलेले नसते. उघडणारे कोणी नसते, एवढेच.

कॅप्टन होणे ही केवळ हौसेची गोष्ट नाही. त्यासाठी प्राथमिक आणि प्रगत असे शिक्षणक्रम घ्यावे लागतात आणि 'हिमालय वुड बॅज' ही त्यापुढची पायरी असते. राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र पचमढीला आहे, म्हणजे ग्वाल्हेरकरांच्या स्वतःच्याच राज्यात. ग्वाल्हेरला तर ह्या बाबतीत आणखी एक अनुकूलता आहे. १८५७ च्या शताब्दीच्या वर्षी, १९५७ मध्ये, राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय ह्याच शहरात निघाले आणि त्याला पुढे विद्यापीठाचा दर्जा मिळाला. ज्या शहरात देशभरातून विद्यार्थी शारीरिक शिक्षण घेण्यासाठी येतात, त्या शहरात मुलींना रानात नेणारी एक बाई मिळू नये, हे पटण्यासारखे नाही.

मिळत नाही ह्याचे कारण विद्येत नसून दिनचर्येत असते. शाळेतील बाई दुपारी घरी परततात त्या दुसऱ्या कामाला लागण्यासाठी. आठवड्यातून एक दिवस पथकासाठी दोन तास थांबावयाचे, वर्षातून दोन-तीन वेळा रात्री शिबिरात काढावयाच्या, तर त्यांच्या घरी चूल कोणी सांभाळावयाची? सासूबाईंच्या औषधाची वेळ कोणी पाहावयाची? पुरुष स्काउटमास्तर शिबिराला निघाला म्हणजे घरात कोणी त्याला हे प्रश्न विचारीत नाही. म्हणून मुलीच्या शिबिराची परवानगी वस्तुतः दोन घरांत मागावी लागते: एक मुलीच्या घरात आणि दुसरी कॅप्टनबाईंच्या घरात. पहिल्या घरातील बाबांनी होकार दिला, पण दुसऱ्या घरातील यजमानांनी तीन दिवस भाताचा कुकर लावण्याची तयारी दाखविली नाही, तर मुलगी शिबिराला जात नाही. ही साखळी ध्यानात घेतली म्हणजे मुलींच्या पथकांचा प्रश्न शाळेइतकाच घराचाही आहे, हे कळून येते.

आईबापांनी काळजी करू नये, असे कोणी म्हणणार नाही. काळजी योग्यच आहे. फक्त तिचे रूपांतर नकारात न होता चौकशीत झाले पाहिजे. शिबिराची जागा कोणती, तेथे पाण्याची आणि शौचाची सोय काय, मुलींच्या निवासाची व्यवस्था स्वतंत्र आहे काय, बरोबर किती स्त्रिया आहेत आणि त्यांचे प्रशिक्षण झाले आहे काय, जवळचा दवाखाना किती अंतरावर आहे, हे पालकांनी अवश्य विचारावे. विचारणारे पालक चांगल्या पथकाला भार वाटत नाहीत. आणि हेच प्रश्न मुलाला पाठवितानाही विचारावेत. काळजी करावयाची तर ती दोघांची सारखीच करावी.

शाळांच्या चालकांनाही एक काम आहे. जी शिक्षिका पथक चालविते तिच्या त्या तासांची गणना कामात व्हावयास पाहिजे. फुकट मिळालेल्या वेळावर चालणारे पथक बाईंची बदली होताच मोडते. शाळेतील शिक्षिकाच पाहिजे असेही नाही. एके काळी निळा गणवेश घालून गळ्यात स्कार्फ बांधलेल्या मुली आज चाळिशी-पन्नाशीच्या गृहिणी आहेत, बँकांत आणि कचेऱ्यांत आहेत, कित्येक निवृत्तही झाल्या आहेत. गाठ एकदा हाताला लागली की ती सहसा विसरत नाही. आवश्यक ते प्रशिक्षण घेऊन अशा एखादीने आठवड्याचा एक तास दिला, तर एका शाळेतील पंचवीस-तीस मुलींना वाट मोकळी होते.

दर वर्षी २२ फेब्रुवारीला जगभरच्या वीरबाला चिंतन दिन पाळतात. बेडन-पॉवेल पतिपत्नींचा जन्मदिवस एकच, तोच हा दिवस. त्या दिवशी त्या आपल्यासारख्याच दूरदेशीच्या मुलींचे स्मरण करतात. इंदरगंजातील त्या घरात अशा स्मरणाला निराळ्या दिवसाची गरज नाही. फूलबागेतील घोड्यावरची स्त्री रोजच डोळ्यांसमोर आहे. तिची कथा सांगणारी आजी कौतुकाने सांगते की मनूला घोड्यावर बसावयाचे होते आणि तिला बसू दिले. ह्या कथेत धाडस मनूचे खरे; पण तिला बसू देणारे कोणी घरात होते, हा भाग सांगताना निसटतो. आजच्या मुलीची मागणी तर घोड्याची नाही आणि तलवारीचीही नाही. तीन दिवस आपल्या तुकडीबरोबर राहावे, आपला तंबू आपण लावावा आणि आपण घेतलेल्या निर्णयाचे बरेवाईट आपणच भोगावे, एवढेच ती मागते. ती मागणी पुरी करावयाची तर आजीने होकार द्यावा, बाबांनी चौकशी करावी आणि शाळेत एका बाईने पुढे होऊन कॅप्टन व्हावे. आणि पुढे झालेल्या त्या बाईच्या घरी तीन दिवस कोणीतरी दुसऱ्याने भात टाकावा.